नकाशावरची रेघ आणि ग्रामसभेचा ठराव

नगर जिल्ह्यात जमिनीच्या वापरावर आजवर आलेल्या बंधनांपैकी विस्ताराने सर्वांत मोठ्यांत गणावे असे बंधन कुठल्या शहराच्या विकास आराखड्यातून आलेले नाही. ते एका पक्ष्यासाठी आले. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र ठरले ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर जिल्ह्यातले नान्नज हे त्याचे मुख्य ठिकाण, पण हद्द इकडे कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांपर्यंत आली होती. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला असलेला आपला जिल्हा सतरा हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या निम्म्याएवढा मुलूख एका अधिसूचनेत बसला. त्यात गवताळ माळ होते, तशीच खासगी शेते, वस्त्या आणि रस्तेही होते. जमीन विकायची, घर बांधायचे, रस्ता करायचा, की अभयारण्य आडवे येई. गावकऱ्यांना माळढोक हा आपल्या सातबाऱ्यावर बसलेला बोजा वाटू लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. या सगळ्या काळात माळावर पाटाचे पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोक आता क्वचितच दिसतो.

रेघ ओढणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन असे मानणाऱ्या काळात कुणीतरी त्याला जपण्याजोगे म्हटले, हे मोठेच. पण ज्यांच्या बांधावरून ती रेघ गेली त्यांना तिचा पत्ता बंधन म्हणूनच लागला. माळ राखल्याने त्यांच्या पदरात काय पडणार, राखण कुणी करायची, राखले की नाही हे कुणी मोजायचे, यातले काहीच त्यांच्या हाती नव्हते.

या पुस्तकाचा विषय असा रुक्ष आहे. कुठे काय बांधावे, किती बांधावे, कोणती जमीन मोकळी ठेवावी, विहीर कुठे आणि किती खोल खणावी, कोणते पीक घेऊ नये, हे ठरवणारे स्थानिक नियम. आणि त्या नियमांच्या जोरावर माती, पाणी, झाडे टिकवता येतात का, हा प्रश्न. नियमावली वाचायला कुणाला आवडत नाही. वास्तुविशारद ती चटई क्षेत्रासाठी वाचतात, बिल्डर पळवाटेसाठी, आणि बाकीचे लोक नोटीस आल्यावर. तरीही गावाचा आणि शहराचा पुढच्या पन्नास वर्षांचा चेहरा भाषणांपेक्षा याच कागदांतून घडतो. म्हणून प्रस्तावना जरा लांबली तरी वाचकाने सोसावे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नियम मुंबईच्या मंत्रालयात लिहिला की गावाच्या चावडीवर, हा फरक मला दुय्यम वाटतो. ज्याला नियम पाळायचा आहे त्याला तो मोडलेला दिसतो का, आणि वर्षाअखेरीस त्याचा हिशेब कुणासमोर मांडला जातो का, यावर नियमाचे आयुष्य ठरते. नगर जिल्ह्यात याचा दाखला आहे, आणि तो इतका गाजलेला आहे की त्याच्याकडे नीट पाहायचेच राहून गेले आहे.

हिवरे बाजार हे गाव नगर शहरापासून पश्चिमेला साधारण सतरा किलोमीटरवर, नगर तालुक्यातच. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, पाऊस चारशे मिलिमीटरच्या आगेमागे, वस्ती बाराशे-तेराशे. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, हातभट्ट्या लागल्या, माणसे कामासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत गेले. सलग समतल चर, पाझर तलाव, नालाबांध ही कामे बहुतांशी रोजगार हमीसारख्या सरकारी पैशातून झाली. पुढची गोष्ट वर्तमानपत्रांनी शेकडो वेळा छापली आहे: १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखालची १६८ कुटुंबे, २०१० पर्यंत तीन, विहिरी ९७ होत्या त्या २१७ झाल्या, दीडशे लिटरवर असलेले रोजचे दूध हजारो लिटरवर गेले. पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली. बसगाड्या भरून पाहुणे येतात, बंधारे बघतात, फोटो काढतात आणि परत जातात.

बंधारे तर राज्यभर झाले. जलयुक्त शिवार योजनेत झाले, त्याआधीच्या योजनांतही झाले. बंधाऱ्याने पाणी जमिनीत मुरते. मुरलेले पाणी कोण, कधी, कशासाठी उपसणार हे बंधारा ठरवत नाही. ज्या गावांत हे ठरले नाही तिथे पहिल्या चांगल्या पावसाबरोबर बोअरच्या गाड्या आल्या आणि दोन-तीन वर्षांत गाव होते तिथेच आले. हिवरे बाजारने पाणी अडवण्याच्या जोडीने पाण्याच्या वापरावर नियम बसवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही राळेगणसिद्धीहून आलेली पंचसूत्री सर्वांना पाठ आहे. माझ्या मते खरी धार नंतरच्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस, केळी यांसारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आणि दरवर्षी पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, मग रब्बीत काय आणि किती पेरायचे ते ठरवायचे.

शहरातले नगररचनाकार जमिनीचे रहिवास, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग पाडतात. हिवरे बाजारने शेती विभागाच्या आत शिरून पिकांचे आणि पाण्याचे विभाग पाडले. राज्याच्या नियमावलीला हे कधी जमलेले नाही. तिच्या नकाशावर ऊस आणि बाजरी दोन्ही एकाच हिरव्या रंगात रंगतात.

उसाचा हिशेब करून पाहू, म्हणजे नियम भावनेवर उभा नाही हे कळेल. ९७६ हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९८ लाख लिटर पाणी झाले, ढोबळ एक कोटी धरू. चारशे मिलिमीटर पडला तर जवळजवळ चारशे कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते, पण यातले बरेच उन्हाने उडून जाते, काही वाहून जाते, काही माती धरून ठेवते आणि उरलेले खाली झिरपते. आता ऊस. त्याला लागणीपासून तोडीपर्यंत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. हेक्टरी दोन कोटी लिटर. पन्नास हेक्टर ऊस म्हणजे शंभर कोटी लिटर. गावाच्या जमिनीचा विसावा हिस्सा, आणि आभाळातून पडलेल्या सगळ्या पाण्याचा चौथा हिस्सा. हे गणित सातवीच्या मुलाला जमते आणि हिवरे बाजारमध्ये ते ग्रामसभेसमोर होते. जिल्ह्याच्या उत्तरेत भंडारदऱ्याच्या आणि मुळेच्या पाटावर ऊस पिकला, १९५० च्या सुमारास प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला, त्या कारखानदारीने महाराष्ट्राचे राजकारण घडवले. तिथे धरणाचे पाणी होते. तोच ऊस दक्षिणेत पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या कोरड्या मुलखात विहिरीच्या पाण्यावर लावायचा, तर शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी लावावे लागते.

बोअरबंदीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तिथेच या पुस्तकाचे मर्म आहे असे मला वाटते. आपला खडक बसाल्टचा, काळा पाषाण. पाणी असते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. खोदलेली विहीर वरच्या थरातले पाणी घेते, ते दरसाल पावसाने भरून निघते. बोअर त्याखालच्या भेगांतून ओढतो. तिथले पाणी साठायला कितीतरी काळ लागलेला असतो आणि त्या भेगा बऱ्याचदा वरच्या थरालाही जोडलेल्या असतात. हे झाले भूशास्त्र. त्याशिवाय एक साधी गोष्ट आहे. विहीर उघडी असते. काठावर उभे राहिले की कुणाचे पाणी किती खाली गेले, मोटर किती तास चालते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. बोअरचे तोंड सहा इंचाचे आणि त्यावर टोपण. आत काय चालले आहे ते मालकालाही मोटर कोरडी फिरू लागल्यावर कळते. बोअर बंद करून विहीर ठेवणे म्हणजे गावचे पाणी सर्वांच्या नजरेसमोर ठेवणे. त्यामुळे ताळेबंद खरा मांडता येतो आणि नियम मोडणाऱ्याला लपायला जागा राहत नाही.

राज्याने कायदे केले नाहीत असे नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खणायला बंदी घातली. त्यानंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला, तो २०१४ मध्ये अमलात आला. साठ मीटरहून खोल गेलेली ती खोल विहीर, आणि अधिसूचित क्षेत्रात तिला मनाई, असे तो म्हणतो. पाणलोट क्षेत्र समित्या आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक आराखडा यांचीही त्यात तरतूद आहे. म्हणजे हिवरे बाजारने ठरावाने केले ते कायद्याच्या भाषेत उतरलेले आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. दक्षिण नगरमध्ये बोअरवाल्याला खोली विचारा, तो दोनशेपासून बोलायला सुरुवात करतो. कायदा आणि बोअरची गाडी यांची अजून गाठ पडायची आहे.

ठराव आणि कायदा यांच्यात आणखी एक तिढा आहे. बाहेरच्याला जमीन विकायची नाही, हा ठराव दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणाला अडवू शकत नाही. मालकाने खरेदीखत करून दिले तर ते होते. हा नियम गावाच्या एकोप्यावर चालतो, आणि शहराच्या इतक्या जवळच्या गावात तो पाळणे म्हणजे प्लॉटिंगच्या भावावर पाणी सोडणे. हा त्याग लहान नव्हे. त्याचे मोल गावाला दुधात, कांद्यात, भाजीत मिळत राहील तोवर तो टिकेल, असे मला वाटते. केवळ आदर्श म्हणून कुणी कोट्यवधींवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी सोडत नाही.

गावाच्या नियमांची दुसरी बाजूही इथे लिहिली पाहिजे, कारण अशा पुस्तकांत ती बहुधा गाळली जाते. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले आणि पाणलोट, दारूबंदी, धान्य बँक यांतून गावाने उभारी घेतली. त्याच राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हे अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. एकमताने चाललेल्या गावात मतभेद असलेल्याचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. चराईबंदीचा पहिला फटका बसतो तो शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्याला, म्हणजे भूमिहीनाला आणि धनगराला. गाईचा गोठा असलेल्या बागायतदाराला नव्हे. हिवरे बाजारने चराई बंद केली पण विळ्याने गवत कापून न्यायची मुभा ठेवली, त्यामुळे डोंगर वाचला आणि दावणीला चाराही मिळाला. संगमनेर तालुक्यात दरेवाडीला वॉटर या संस्थेने पाणलोटाचे काम केले तेव्हा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केला. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकातच पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि ऊस वर्ज्य केला. नियम करताना सर्वांत कमी जमीन असलेल्याला आधी विचारावे, एवढे शहाणपण यातून घेता येते. प्रत्येक ठिकाणी ते घेतले गेले असे मी म्हणणार नाही.

परंपरेच्या नावाने चालणारे नियम तर आपल्याकडे चिवट असतात. नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसत, चौकट रिकामी. कुठल्याही नगररचना कार्यालयाने न लिहिलेला हा बांधकाम नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला, इतका की २०११ मध्ये तिथे आलेल्या बँकेच्या शाखेलाही कुलूप लावले गेले नाही. श्रद्धेने जे होते ते ठरावाने होईलच असे नाही. पण सगळे पाळतात हे सगळ्यांना दिसत असले की नियम फुकट राखला जातो, हे तिथेही दिसते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते गवताचे कुरण, मासे, भूजल अशा सामाईक गोष्टी लोक स्वतः नियम करून कशा राखतात, याच अभ्यासासाठी. त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून काढलेला निष्कर्ष हिवरे बाजारच्या ग्रामसभेतल्या कुणालाही नवा वाटला नसता.

आता शहराकडे येतो. नगर शहराची गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने सीनेच्या काठी भिंगारजवळ शहर वसवायला घेतले आणि कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले. ते महालांत गेले, बागांत गेले, हौदांत पडले. फराहबाग तर तलावाच्या मधोमध उभा होता. नळ कुठून जातो ते पाहून वस्ती झाली. आजचे शहर मुळा धरणाचे पाणी पिते. ते राहुरी तालुक्यातून उपसून आणावे लागते. पाणी दुसऱ्याच्या तालुक्यातून येत असले की आपल्या अंगणातल्या पावसाकडे लक्ष जात नाही. नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका २००३ ची, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. ज्यांचे नाव दिले त्या अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि देशभर विहिरी, बारवा, घाट बांधणारी ती राज्यकर्ती. नाव बदलणाऱ्या ठरावासोबत शहरातल्या जुन्या विहिरींची एखादी यादी केली असती तर बरे झाले असते.

शहरात बांधकामावर राज्य चालते ते एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे, बोलीभाषेत यूडीसीपीआरचे. २ डिसेंबर २०२० ला ती मंजूर झाली. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे सोडली तर बहुतेक महाराष्ट्राला ती एकच. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जामखेडला त्याचा पाचवा-सहावा भाग, नियम तोच. सोयीसाठी हे ठीक. बिल्डरला आणि अधिकाऱ्यालाही दर शहरात नवे पुस्तक शिकावे लागत नाही. पण पाण्याच्या बाबतीत एकच माप सर्वांना हे मला पटत नाही.

तिच्यात चांगले बरेच आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय हवी. ४,००० चौरस मीटरहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा हवी. मोठ्या प्रकल्पांत सांडपाण्याचा पुनर्वापर, इमारतींवर सौर उष्णजल किंवा सौर वीज. हरित इमारतीचे मानांकन मिळवले तर मूळ चटई क्षेत्रावर तीन, पाच किंवा सात टक्के जादा चटई क्षेत्र. नदीकाठी निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत नवे बांधकाम नाही. लाल रेषेपर्यंत अटींसह. हे सगळे पाळले गेले असते तर या पुस्तकाची गरज अर्धी झाली असती.

पावसाच्या पाण्याचेच घ्या. शंभर चौरस मीटरच्या छतावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी. काही वाया गेले तरी चाळीस हजार पदरात पडते. मंजुरीच्या नकाशावर खड्डा काढलेला असतो, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तो खणलेलाही असतो. दोन पावसाळ्यांत त्यात गाळ भरतो, सोसायटीचे चेअरमन बदलतात, वर पार्किंगच्या फरशा येतात. सोय केली नाही किंवा सांभाळली नाही तर दर शंभर चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकार लावता येतो, असे नियमावली म्हणते. उन्हाळ्यात टँकरला मोजलेले पैसे आठवून पाहा, म्हणजे हा आकार कुणाला घाबरवणार नाही हे लक्षात येईल. तमिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी मुरवणे सक्तीचे केले. चेन्नईच्या विहिरींची पातळी तेव्हा वर आली, मग तपासणी ढिली पडली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तेच शहर टँकरच्या रांगेत उभे होते. खड्डा खणणे सोपे, त्याचा दरवर्षी हिशेब देणे कठीण; शहरात तो हिशेब मागणारी ग्रामसभा नसते.

शिवाय नियमावलीच्या बाहेर एक अख्खे शहर वाढते. शेतजमिनीचे गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेली, नाले बुजवून, रस्त्याला दहा फूट सोडून उभी राहिलेली वस्ती. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्या वेळेपर्यंतची अशी बांधकामे नियमित करता येत होती. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे ढकलली गेली. तिथे राहणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. मंजूर प्लॉट त्याच्या ऐपतीबाहेरचा असतो आणि त्याला कुठेतरी राहायचे असते. पण तारीख पुढे सरकू शकते हे एकदा सर्वांना कळले की नियम पाळणारा मूर्ख ठरतो. चाळीस हजार लिटरच्या खड्ड्यासाठी आपण भांडायचे आणि मैलभर लांबीचा ओढा गुंठ्यागुंठ्याने गायब होऊ द्यायचा, यात काही अर्थ नाही. पुढच्या प्रकरणांत ओढ्यांबद्दल जे लिहिले आहे ते वाचकाने सावकाश वाचावे, असे मी मुद्दाम सांगतो.

शहरी नियम आणि गावचा ठराव यांपैकी एकाची निवड करायची, असा या पुस्तकाचा आग्रह नाही आणि माझाही नाही. हिवरे बाजार सरकारी पैशाशिवाय, रोजगार हमीशिवाय, भूजल सर्वेक्षणाच्या तांत्रिक मदतीशिवाय उभे राहिले नसते. आणि त्याचे नियम जिल्ह्यातल्या हजारावर गावांत आपोआप पसरले नाहीत, याचाही प्रामाणिक विचार व्हायला हवा. प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाही. मिळेपर्यंत थांबायचे म्हटले तर पाणी थांबणार नाही. म्हणून जिथे नेता नाही तिथेही चालेल अशी मोजणीची सवय नियमात लिहिली पाहिजे: पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरी, शाळेतल्या फलकावर लिहिलेली पातळी, शहरात मालमत्ता कराच्या बिलासोबत खड्ड्याच्या सफाईची नोंद. या छोट्या गोष्टी आहेत आणि त्यांना कुणी उद्घाटन करत नाही.

नियमावली सगळ्या महाराष्ट्राला एक असली तरी महापालिकेला आणि ग्रामपंचायतीला त्याहून कडक ठराव करायला मोकळीक मिळावी, ही मागणी या पुस्तकातून पुन्हा पुन्हा येते. तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सवलत मागणारे ठराव राज्याकडे ढिगाने जातात. आम्हाला जास्त बंधन घाला म्हणणारा ठराव पाठवायची सोय असली पाहिजे, आणि तो आला तर नगररचना विभागाने तो फेटाळण्याआधी गावात येऊन बघितले पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पावसाळा सरता सरता येते, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीचे बी अजून घरात असते. त्या सभेच्या विषयपत्रिकेत गावात पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी हा विषय घालायला सांगा, आणि आकडे नसतील तर ते पुढच्या वर्षी कोण मोजणार याचे नाव इतिवृत्तात लिहून घ्या.